पंधरा घोडे आणि एक मैना

होडीचं इंजिन प्रेशर कुकरसारखं निवडू नये.

वाक्य साधं आहे. पण ते शिकायला मला पन्नास वर्षं, एक नारळ आणि गंगापूर धरणाचं डिसेंबरातलं पाणी लागलं. (हे पाणी किती गार असतं, ते कमरेपर्यंत बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी पाहिलं आहे.)

नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला होडी कशाला हवी, हा प्रश्न मीही विचारला होता. लेखी. माझा नवरा मिलिंद अंबडला छोटं वर्कशॉप चालवतो. चार वर्षांपूर्वी तो एक जुनं मशीन बघायला मुंबईला गेला आणि मशीनऐवजी शिडाची होडी घेऊन आला! सोळा फुटी, ट्रेलरवर बसणारी. कसारा घाटातून ती गाडीमागे ओढत आणली. टोलनाक्यावरच्या माणसानं म्हणे तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी हात जोडून "जा साहेब" म्हणाला.

होडीचं नाव मिलिंदनं मैना ठेवलं. ती आमच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये राहते आणि गाडी रस्त्यावर. संध्याकाळी वर्कशॉपमधून आला की मिलिंद शिडी लावून ट्रेलरवरच्या होडीत चढतो आणि चहा तिथेच मागतो. शेजारचे विचारायचे, "साहेब कुठं आहेत?" मी सांगायची, "होडीत." हल्ली कुणी विचारत नाही.

आता शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असं तुम्ही म्हणाल. वारा पडला की परत यायला, किंवा वारा नको त्या बाजूनं आला की परत यायला. थोडक्यात, परत यायला. मैनेबरोबर एक जुनं इंजिन आलं होतं. अडीच हॉर्सपॉवर. आवाज मिक्सरचा आणि ताकदही साधारण तेवढीच. सकाळी ते ठीक चालायचं. दुपारी धरणावर पश्चिमेचा वारा सुटला की मात्र ते फक्त ओरडायचं. एकदा आम्ही पूर्ण वेगात असताना समोरचं बाभळीचं झाड वीस मिनिटं जागचं हललं नाही. एक म्हैस पोहत आमच्या शेजारून पुढे गेली. तिनं वळूनही पाहिलं नाही!

त्या दिवशी सोमनाथनं आम्हाला दोरानं ओढून काठावर आणलं. सोमनाथ धरणावर मासेमारी करतो. त्याच्याकडे वल्ह्यांची लहान होडी आहे आणि इंजिन या गोष्टीबद्दल त्याला सहानुभूती आहे. महिन्याभरानं दुसऱ्यांदा ओढून आणलं, तेव्हा माझ्या सासूबाई होडीत होत्या. आईंची तीन वेळा रामरक्षा झाली. मग त्यांनी विचारलं, "आलो का रे?" मिलिंद म्हणाला, "आई, आपण निघालोच नाही अजून."

घरी येऊन मी नियम केला आणि फ्रीजच्या दारावर लावला. 'मैना तिसऱ्यांदा ओढून आणावी लागली, तर विकायची.' खाली दोघांच्या सह्या. (मिलिंदची सही जरा कापरी आहे.)

गिऱ्हाईक तयारच होतं. त्र्यंबक रोडवर रिसॉर्ट असलेल्या खैरनार शेठना होडी हवी होती. धरणात नव्हे, लॉनवर! "ताई, मी पुढच्या टोकाला शेवपुरी ठेवणार," ते मला फोनवर रंगून सांगत होते, "मधे दहीपुरी, आणि शिडाच्या खांबाला लाइटिंग. लग्नाच्या सीझनला नुसता फोटोंचा पाऊस पडेल!"

हे मी मिलिंदला सांगितलं. तो त्या रात्री जेवताना दहीपुरीकडे बघावं तसा ताटाकडे बघत बसला. भात अर्धा टाकून उठला आणि होडीत जाऊन बसला.

मला त्याची दया आली. मी म्हटलं, "अरे, मोठं इंजिन घेऊ. म्हणजे ओढून आणायचा प्रश्नच येणार नाही."

तो इतका खूश झाला की त्यानं लगेच उत्तर दिलं, "पाच हॉर्सपॉवरचं पुरे. पंचवीस किलो भरतं. एका हातानं उचलता येतं."

"एका हातानं उचलता येतं," मी म्हटलं, "म्हणजे त्यात आहे काय?"

इथून निवडीचं काम माझ्याकडे आलं.

मी याद्या करते आणि त्याचा मला अभिमान आहे. निदान तेव्हा होता. यादीशिवाय कामं होतात यावर माझा विश्वास नाही. आमच्या लग्नाची यादी माझ्या मामांनी केली होती. तीत भटजी नव्हते. तेव्हापासून घरातली प्रत्येक यादी मी करते. त्यामुळे इंजिनासाठीही मी एक तक्ता आखला. आडवी सहा इंजिनं, उभे सहा रकाने: ताकद, वजन, आवाज, पेट्रोल, दुरुस्ती, दिसायला. प्रत्येकी दहा गुण.

वजनाच्या रकान्यात मी जास्त वजनाला जास्त गुण दिले.

हसू नका. कुकर घेताना मी हातात तोलून बघते. तवा, मिक्सर, खलबत्ता, चांदीचं ताट, सगळ्यांना एकच नियम: जड ते टिकाऊ, हलकं ते फसवं. हे मला माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. तीन पिढ्यांचा अनुभव होता. त्या अनुभवात होडीचं इंजिन एकदाही आलेलं नव्हतं, एवढंच.

तरी मी एकटीनं ठरवलं नाही. घरच्यांचं मत घेतलं. मिलिंदची थोरली बहीण शोभाताई पिंपळगाव बसवंतला असते. तिचे यजमान भाऊसाहेब द्राक्षबागायतदार. त्यांना फोन लावला, कारण हॉर्सपॉवर हा शब्द आमच्या घरात त्यांच्याइतका कुणी वापरत नाही.

"वहिनी, एक ध्यानात ठेवा," भाऊसाहेब म्हणाले. "विहिरीला पाचची मोटार लागत असली, की साडेसातची टाकायची. दहाची परवडली तर दहाची. मोटार मोठी असली की ती दमत नाही."

"पण ही विहीर नाही, भाऊसाहेब."

"पाणीच ना?"

मी ते लिहून घेतलं.

आईंचं मत त्याहून स्पष्ट होतं. "मोठंच घ्या. लहान झालं तर टाकावं लागतं, मोठं झालं तर वापरता येतं. मिलिंदला पाचवीत गणवेश घेतला, तो आठवीपर्यंत गेला."

"सातवीपर्यंत माझे हात कुणी पाहिले नव्हते," होडीतून आवाज आला.

"आठवीत दिसले ना? मग!"

गुणांची बेरीज झाली. पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन पहिलं आलं. बावन्न किलो! वजनात दहापैकी दहा. मिलिंदचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन शेवटून पहिलं आलं. त्यानं तक्ता हातात घेतला.

"वृंदा, होडीला मागच्या बाजूला एवढं वजन..."

"कारण लेखी दे."

त्यानं पेन उचललं, फ्रीजवरच्या नियमाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली की माणूस शब्द जपून वापरतो.

मुंबईच्या विक्रेत्याला मीच फोन केला. त्यानं विचारलं, "बोट केवढी आहे?" मी सांगितलं, "सोळा फुटी." शिडाची आहे का, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. मग तो म्हणाला, "इंजिनाचा दांडा लांब हवा की आखूड?" मी म्हटलं, "लांब." (मापाला जास्तच असलेलं बरं. एवढा एकच निर्णय बरोबर ठरला, तोही चुकून.)

इंजिन आलं. ते टेम्पोतून उतरवायला दोन माणसं लागली, तेव्हा मला फार समाधान वाटलं. जुनं इंजिन ज्या ब्रॅकेटवर लटकायचं, ते या इंजिनाकडे पाहूनच वाकेल असं वाटत होतं. म्हणून मी मिलिंदला नवं ब्रॅकेट करायला सांगितलं. जाड पत्र्याचं. त्यानं ते वर्कशॉपमध्ये केलं. नऊ किलो. मग स्टार्टरसाठी बॅटरी. मग पेट्रोलची मोठी टाकी, कारण मोठ्या इंजिनाला लहान टाकी शोभत नाही. हे सगळं सामान मी यादीत नीट लिहिलं आणि प्रत्येकापुढे जागाही लिहिली. इंजिन: मागे. ब्रॅकेट: मागे. बॅटरी: मागे. टाकी: मागे. त्या यादीकडे आज पाहिलं की मला प्रश्न पडतो, चार वेळा 'मागे' लिहिताना माझा हात कसा अडखळला नाही?

उद्घाटनाचा रविवार ठरला. माणसं कुठे बसवायची त्याचा आराखडा करायला मी सगळ्यांची वजनं मागितली.

"लिही, अठ्ठावन्न," शोभाताई फोनवर म्हणाली. मागून भाऊसाहेबांचा खोकला ऐकू आला. तो बराच वेळ थांबेना.

"आणि भाऊसाहेब?"

"परवाच पॅकहाउसच्या काट्यावर उभा राहिलो होतो. एकशे चार. पण हातात द्राक्षाचं क्रेट होतं, ते वजा करा."

"क्रेट केवढं होतं?"

"रिकामंच होतं."

आईंचं वजन बेचाळीस. माझं मी एकसष्ट लिहिलं. (ते खरं होतं. एके काळी.) मिलिंद म्हणाला, "तुझं जरा परत बघ." मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरोबरच असेल."

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही धरणाच्या उतारावर होतो. मैना ट्रेलरवरून पाण्यात उतरली. तिचं टोक दोरानं काठाशी बांधलं आणि मागची बाजू पाण्याकडे राहिली. खैरनार शेठही हजर! हातात मोजपट्टी, बरोबर घडीची खुर्ची आणि पेरू.

"तुम्ही कसे आलात?" मी विचारलं.

"सहज. मापं घ्यायची होती. घाई नाही ताई, तुम्ही जाऊन या. ओढून आणली की मोजतो."

मिलिंदनं ते ऐकलं. त्याचा हात मैनेच्या कडेवर होता, तो तिथेच थांबला. मी मनात म्हटलं, आज या शेठना नुसत्या पेरूवरच परत पाठवते.

आता पूजा. नव्या यंत्राची पूजा केल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मिक्सरचीही झाली होती. साहित्याची चौदा वस्तूंची यादी होती. काडेपेटीसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. काहीही राहिलं नव्हतं. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. देव मागे होता! म्हणजे इंजिन मागे होतं. त्यामुळे पूजेला सगळे मागे गेले. आसनांचा आराखडा माझ्या पर्समध्ये पुढे राहिला.

इंजिनावर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. भाऊसाहेबांनी ब्रॅकेटवर नारळ असा हाणला की अख्खी होडी दचकली. मग आरती सुरू झाली.

मैनेच्या बसायच्या जागेत मागे, तळाशी, दोन भोकं आहेत. आत पडलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. त्या भोकांना आत काय आणि बाहेर काय हे कळत नाही, जिकडे उतार तिकडे पाणी! दुसऱ्या कडव्याला माझ्या पायांना गार लागलं. मी खाली पाहिलं. मिलिंदनं खाली पाहिलं. शोभाताईनं टाळ्या वाजवता वाजवता साडी उचलली. पण आरती चालू असताना मधेच कोण थांबणार? कुणी थांबलं नाही. फक्त आरतीचा वेग वाढला. चौथं कडवं तर आम्ही असं म्हटलं की देवालाही ऐकताना धाप लागली असेल.

आरती संपली. पाणी घोट्यापर्यंत.

"चला पुढे सगळे!" मी म्हटलं.

"मंत्रपुष्पांजली राहिली," आई म्हणाल्या.

"आई, पाणी येतंय."

आईंनी खाली पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "गोदामाई आहे ती. पाय धुवायला आली. याहून चांगला शकुन कोणता?"

मंत्रपुष्पांजली झाली. पाणी नडगीपर्यंत.

मग मात्र मी सगळ्यांना आराखड्याप्रमाणे पुढे हलवलं, पूजेच्या तांब्यानं पाणी उपसलं, आणि यादीत खूण केली: पूजा, झाली. शकुन, चांगला. मिलिंद हळूच म्हणाला, "वृंदा, आज नको का? ही मागून जड झालीय."

"शेठ बघतायत," मी म्हटलं. "निघायचं."

इंजिन एका बटणावर सुरू झालं. काय आवाज! काठावरचे बगळे उडाले. मैना धरणात शिरली, बाभळीचं झाड चक्क मागे पडलं. भाऊसाहेब ओरडले, "बघा! मोटार दमत नाही!" मिलिंदच्या चेहऱ्यावर चार महिन्यांनी हसू आलं. तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट तुम्हाला सांगायचं कारण नव्हतं.

पण यादीत आठव्या क्रमांकावर लिहिलं होतं: पूर्ण वेग, दोन मिनिटं.

"अर्ध्यावर छान चाललीय गं," मिलिंद म्हणाला.

"यादीत पूर्ण आहे."

"ही शिडाची होडी आहे. हिला अमुक वेगापुढे पळता येत नाही. जास्त जोर दिला की..."

"मी वेळ लावलीय." मी मोबाइल उंच धरला.

त्यानं जोर दिला. मैना पळाली नाही. ती उभी राहिली! घोडा मागच्या पायांवर व्हावा तशी. पुढे बसलेल्या आई आमच्या डोक्यांच्या वर गेल्या.

"मिलिंद, मला नुसतं आभाळ दिसतंय रे!"

"वृंदा, पाणी!" शोभाताई किंचाळली.

"निळ्या पिशवीत बाटली आहे."

"प्यायचं नाही गं! आलंय!"

मी वळले. माझ्या मागे आता होडीची कड नव्हतीच. धरण होतं. भोकांतून पाणी कारंज्यासारखं वर येत होतं.

"बंद कर!"

"हळूहळू कमी करतो. एकदम बंद केलं तर मागची लाट..."

"बंद म्हणजे बंद!"

त्यानं बंद केलं. मैना थांबली. आमच्या मागोमाग येत असलेल्या लाटेला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ती आली, इंजिनावरून, हारावरून, माझ्यावरून, शांतपणे आत आली आणि राहिली.

मोबाइलवर एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते.

मैना बुडाली नाही. तिच्या पोटात फोम भरलेला आहे, तिला बुडता येत नाही. ती भरली. बादली भरावी तशी, आणि तिच्यात आम्ही पाच जण ओळीनं बसलेलो. मला आणि मिलिंदला कमरेपर्यंत, शोभाताई-भाऊसाहेबांना मांडीपर्यंत, आणि पुढच्या उंच टोकावर आई, कोरड्या ठणठणीत. आमच्यामध्ये झेंडूची फुलं तरंगत होती. पुऱ्यांचा डबा तरंगत होता. नारळाच्या दोन वाट्या लहान होड्यांसारख्या आमच्याभोवती फिरत होत्या. त्या मात्र छान तरंगत होत्या.

भाऊसाहेबांनी त्यातली एक पकडली, चाकूनं खोबरं काढलं आणि हात पुढे केला. "प्रसाद तरी घ्या, वहिनी."

मी घेतला. दुसरं काय करणार?

दहा मिनिटांनी सोमनाथ वल्हवत आला. त्यानं आधी आम्हाला मोजलं. सगळे आहेत म्हटल्यावर हसला.

"ताई, आज लय मोठं इंजिन आनलं म्हने?"

"आणलंय."

"दिसत नाय."

"पाण्यात आहे."

"आसं व्हय." त्यानं दोर फेकला. "तुमची होडी उलाळ झालीया. बैलगाडीत समदं वझं मागं टाकलं की कशी गाडी उलाळते, बैल वर लटकत्यात? तसं. आवो, मागं बांधायला हत्ती कशाला आनला?"

मिलिंदनं दोर बांधला.

तिसरी वेळ! काठ जवळ येत गेला तसा शेठचा पांढरा सदरा मोठा होत गेला. ते खुर्चीवरून उठले होते आणि त्यांनी मोजपट्टी उघडली होती. काठाला लागल्यावर आम्ही निथळत उतरलो. शेठ टोकापासून मापं घ्यायला लागले. "सोळा फूट... वा! दहीपुरीला भरपूर जागा आहे."

मिलिंद मैनेतच राहिला. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो इंजिनावरचं पसरलेलं कुंकू रुमालानं पुसत होता. मी वाट बघत होते. आता तो म्हणेल, 'मी सांगितलं होतं.' हे वाक्य मी त्याला चोवीस वर्षं म्हणते आहे. गॅस सिलिंडरपासून नव्या गाडीपर्यंत एकही संधी मी सोडलेली नाही. त्याला मिळालेली ही पहिलीच संधी होती आणि सगळे साक्षीदार हजर होते.

तो म्हणाला, "शेठ, शिडाचा खांब जपून न्या. त्याला उन्हात ठेवू नका." आणि मग माझ्याकडे बघून, "तिसरी वेळ झाली. नियम तो नियम."



आई म्हणाल्या, "थांब रे. नियम कुणी केला?"

"वृंदानं."

"इंजिन कुणी निवडलं?"

"वृंदानं."

"मग होडी कशाला विकतोस? हिलाच दे शेठना. शेवपुरीच्या काउंटरवर उभी करा म्हणावं, एक पुरी इकडची तिकडे होणार नाही."

शेठनी मोजपट्टी थांबवून माझ्याकडे पाहिलं. (एक क्षण त्यांनी खरोखर विचार केला, असं मला आजही वाटतं.) शोभाताई हसायला लागली. भाऊसाहेबांना खोकला आला.

मी आयुष्यात स्वतः केलेला नियम कधी मोडलेला नाही. मी शेठसमोर जाऊन उभी राहिले. चपला होडीत राहिल्या होत्या, केसात झेंडू होता.

"शेठ, होडी विकायची नाही."

"ताई, तुम्ही शब्द दिला होता. नियम होता ना तुमचा?"

"तो रद्द."

"कधी?"

"आत्ता."

"मग माझी शेवपुरी कशात ठेवू मी?"

"आमच्या पिंपळगावला जुनी बैलगाडी पडून आहे," भाऊसाहेब म्हणाले. "ती घेऊन जा. फक्त पुऱ्या मागच्या बाजूला ठेवू नका."

मिलिंदनं वर पाहिलं. रुमाल पिळला आणि पुन्हा इंजिन पुसायला लागला. पण आता तो शीळ घालत होता.

इंजिन जगलं. अंबडच्या एका मेकॅनिकनं ते उघडून, सुकवून, तेल बदलून सुरू करून दिलं. मुंबईचा विक्रेता म्हणाला, "मॅडम, आंघोळ केलेलं इंजिन परत घेता येत नाही." म्हणजे मैना राहिली आणि पंधरा हॉर्सपॉवरही राहिले. आता करायचं काय? मिलिंदनं बॅटरी आणि टाकी पुढे हलवली, भोकांना बुचं बसवली, अर्ध्यापेक्षा जास्त वेग द्यायचा नाही असं ठरवलं. तरी मागची बाजू खाली ती खालीच. शेवटी सोमनाथला दाखवलं. तो होडीभोवती वल्हवत एक चक्कर मारून आला.

"फुडं वझं टाका. कायमचं."

"वाळूच्या गोण्या ठेवू," मी म्हटलं.

"गोन्या सरकत्यात, ताई. मानूस पायजे. धरून बसनारं, जरा भारी, आन् जागचं हलनार नाय आसं."

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. आई मात्र माझ्याकडे बघत होत्या, मिलिंद आभाळाकडे बघत होता आणि सोमनाथनं वल्हं उचललं.

तेव्हापासून दर रविवारी मी मैनेच्या टोकावर बसते. हलायचं नाही, मागे यायचं नाही. मला मागचं काहीच दिसत नाही. वेग किती, दिशा कुठली, शीड नीट बांधलं का, काही नाही. मी पुढूनच सूचना देते. पण मधे वारा असतो आणि मागे पंधरा घोडे एका सुरात ओरडत असतात. माझा एकही शब्द खांबाच्या पलीकडे पोचत नाही.

परवा उतरल्यावर मिलिंदनं इंजिनावर मायेनं हात फिरवला आणि म्हणाला, "वृंदा, तुझा तो तक्ता बरोबर होता. याहून योग्य इंजिन मला मिळालंच नसतं."